आधी मागणी, मग तोडणी : इंदूरमध्ये शेतकऱ्यांच्या ऑनलाइन बाजारातून ताजा माल कसा घ्यावा

शेतकऱ्यांचा सामुदायिक ऑनलाइन बाजार नेमका काय असतो, हे त्याच्या वेळापत्रकावरून सर्वांत लवकर ध्यानात येते. आठवड्याच्या सुरुवातीला सांवेर, देपालपूर, हातोद, बेटमा किंवा महूकडचे शेतकरी येत्या चार-पाच दिवसांत शेतातून काय निघेल याची यादी आणि दर कळवतात. ग्राहक ठरलेल्या मुदतीपर्यंत आपली मागणी नोंदवतात, मुदत संपताच प्रत्येक शेतकऱ्याकडे त्याच्या मालाची एकत्रित मागणी जाते, तेवढाच माल तो तोडतो आणि ठरलेल्या दिवशी सुदामानगर, टिळकनगर, राजेंद्रनगर यांसारख्या वस्तीतल्या एखाद्या ठिकाणी तो आणून देतो. यादी कधी संकेतस्थळावर असते, कधी व्हॉट्सअ‍ॅप गटात, तर कधी साध्या ऑनलाइन फॉर्मवर. साधन कोणतेही असले तरी क्रम बदलत नाही : मागणी आधी, तोडणी नंतर.

चोइथराम या इंदूरच्या घाऊक भाजी मंडीतला क्रम याच्या उलट असतो. तिथे माल आधी तुटतो, रात्री वाहनात चढतो, पहाटे आडत्याकडे त्याचा लिलाव होतो, नंतर किरकोळ विक्रेत्यामार्फत तो हातगाडीवर येतो आणि त्या दिवशी विकला गेला नाही तर पाणी शिंपडून दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडला जातो. काही मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपचा मालही आधी गोदामात येऊन बसलेला असतो. त्यांची घाई गोदामापासून आपल्या दारापर्यंतची असते आणि शेतापासून गोदामापर्यंतचा काळ तिच्यात मोजलेला नसतो. इथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. केंद्र सरकारने एप्रिल २०१६ मध्ये सुरू केलेला ई-नाम हा मंड्यांना जोडणारा घाऊक व्यापाराचा मंच आहे. घरच्यासाठी दोन किलो वांगी घेणाऱ्याचे तिथे काही काम नाही.

सामील होण्यापूर्वी काय विचारावे

असा बाजार चालवणारा गट शेतकऱ्यांचा असू शकतो, ग्राहकांचा असू शकतो किंवा एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचाही असू शकतो. कोणाचाही असला तरी यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे ती पिकवणाऱ्याचे नाव आणि गाव लिहिलेले आहे की नाही, हे प्रथम पाहावे. नुसतेच ‘ताजी गावरान भाजी’ असे लिहिलेले असेल, तर मंडीतून आणलेला माल नवे नाव देऊन विकला जात असण्याची शक्यता उरते. चांगल्या बाजारात, बाहेरून घेतलेला माल असल्यास तसे सरळ लिहिलेले असते, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. ग्राहकाने दिलेल्या रुपयातला किती भाग शेतकऱ्याला मिळतो आणि वाहतूक व व्यवस्थेसाठी किती ठेवला जातो, हेही विचारावे. हा प्रश्न विचारल्यावर उत्तर किती मोकळेपणाने येते, यावरून त्या गटाविषयी बरेच समजते.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि इंदूरमध्ये तो विशेष महत्त्वाचा आहे. शहरातून वाहणाऱ्या कान्ह आणि सरस्वती या नद्यांत अनेक वर्षे सांडपाणी जात राहिले, आणि कान्ह पुढे सांवेरच्या बाजूने जाऊन उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. नाले अडवण्याचे बरेच काम झाले आणि २०२१ मध्ये इंदूरला, सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडणाऱ्या शहरांना मिळणारा ‘वॉटर प्लस’ दर्जाही मिळाला. तरीही पालक, मुळा, कोथिंबीर यांसारख्या, कच्च्या किंवा अर्धवट शिजवून खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांच्या बाबतीत शेताला पाणी विहिरीचे, कूपनलिकेचे, तलावाचे की नाल्याचे, हे विचारण्यात कोणाचा अपमान नाही. पानावरची घाण धुऊन जाते, परंतु दूषित पाण्यातून भाजीच्या आत शिरलेले जड धातू धुण्याने जात नाहीत.

तिसरा प्रश्न फवारणीचा. ‘तुम्ही औषध मारता का?’ असे विचारले की बहुतेकदा ‘नाही’ असेच उत्तर येते, त्यामुळे तो प्रश्न वाया जातो. त्याऐवजी ‘शेवटची फवारणी कशाची आणि कधी केली?’ असे विचारावे. कीटकनाशकाच्या वेष्टनावर किंवा सोबतच्या माहितीपत्रकात फवारणी व तोडणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवावे हे छापलेले असते. जो शेतकरी हे अंतर पाळतो तो औषधाचे नाव आणि दिवस दोन्ही सांगू शकतो, आणि माझ्या मते असा शेतकरी सर्रास ‘संपूर्ण सेंद्रिय’ म्हणणाऱ्या निनावी विक्रेत्यापेक्षा अधिक भरवशाचा.

‘सेंद्रिय’ या दाव्यासाठी मात्र कागद मागावा. आपल्याकडे त्याच्या दोन मुख्य व्यवस्था आहेत. एकीत बाहेरची मान्यताप्राप्त संस्था तपासणी करून प्रमाणपत्र देते. दुसरी पीजीएस-इंडिया, जिच्यात एका परिसरातले किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि हमी देतात. पीजीएसमध्येही ‘ग्रीन’ आणि ‘ऑरगॅनिक’ असे दोन टप्पे आहेत. ‘ग्रीन’ म्हणजे जमीन अजून रासायनिक शेतीतून बाहेर पडत आहे, आणि हंगामी पिकांसाठी हा काळ साधारण दोन वर्षांचा, फळझाडांसाठी तीन वर्षांचा धरला जातो. वेष्टनबंद डाळ, पीठ, मसाले यांवर ‘जैविक भारत’ हे चिन्ह दिसते, त्याचा आधार २०१७ चे अन्नसुरक्षा नियम आहेत. छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. म्हणून कागद नाही एवढ्यावरून कोणाला खोटे ठरवू नये. अशा वेळी शेत पाहायला येऊ का, असे विचारावे. सिमरोल किंवा हातोदपर्यंत रविवारी सकाळी जाऊन येणे इंदूरकरांना जड नाही, आणि जो बाजार वर्षातून एक-दोनदा अशी शेतभेट ठेवतो, त्याला माझे झुकते माप आहे.

तूप, पनीर, लोणची, पापड, मसाले अशा तयार वस्तू घेताना केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा अंकी क्रमांक आहे का ते पाहावे. घरगुती स्वरूपाच्या छोट्या उत्पादकालाही ही नोंदणी करावी लागते. सुटे दूध घेतल्यास, ते कितीही ओळखीच्या गोठ्यातले असले तरी, उकळल्याशिवाय वापरू नये.

यादी वाचण्याची रीत

यादी बहुधा हिंदीत असते आणि तिच्यात माळव्याची नावे येतात. ‘बटला’ म्हणजे मटार, ‘गिलकी’ म्हणजे घोसाळे आणि ‘बालोर’ म्हणजे वालाच्या शेंगा, एवढे ठाऊक असले की बरेचसे भागते. बाहेरून नव्याने इंदूरला आलेल्या मराठी कुटुंबांनी शेजारच्या काकूंना विचारून घ्यावे. नाव कळले की परिमाण पाहावे. पालेभाजी जुडीवर आहे की वजनावर? जुडी असेल तर ती साधारण किती ग्रॅमची? वीस रुपयांची एक जुडी आणि वीस रुपयांची पावभर मेथी यांची तुलना परिमाण जाणल्याशिवाय होत नाही. मटारच्या किलोभर शेंगांतून साधारण निम्मेच किंवा त्याहूनही कमी दाणे निघतात, त्यामुळे सोललेल्या दाण्यांचा भाव दुप्पट दिसला तर लगेच बिचकू नये.

दरांची तुलना मंडीच्या घाऊक भावाशी करू नये, कारण तो पोत्याचा आणि लिलावाचा भाव असतो. तुलना करायचीच तर आपल्या गल्लीत येणाऱ्या हातगाडीशी करावी, तीही त्याच दिवसाच्या, त्याच प्रतीच्या मालाशी. हिवाळ्यात, जेव्हा मंडीत फ्लॉवर आणि टोमॅटोचे ढीग लागतात, तेव्हा या बाजाराचा दर जास्त वाटू शकतो. पावसाळ्यात भाव भडकतात तेव्हा तोच दर अनेकदा स्वस्त ठरतो, कारण शेतकऱ्याने तो आठवड्यासाठी बांधून दिलेला असतो. इथे घासाघीस नसते. भाजीबरोबर मिरच्या आणि कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट टाकून घेण्याची इंदूरची जुनी सवयही इथे चालत नाही, त्यामुळे त्या मागणीत वेगळ्या लिहाव्यात; नाहीतर पोह्यांच्या दिवशी पंचाईत होते.

सर्वांत मोठा बदल स्वयंपाकाच्या नियोजनात करावा लागतो. आधी पदार्थ ठरवून मग भाजी शोधण्याची सवय असेल तर ही यादी निराश करील. यादी पाहून पदार्थ ठरवले तर तीच यादी पुरून उरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा माळव्यातला सुगीचा काळ : मेथी, पालक, चाकवत, गाजर, मटार, ओला लसूण, सोलाण्यासाठी हिरवा हरभरा, आणि तळून मसाला भुरभुरावा असा गराडू हा कंद. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी करणाऱ्या घरांना त्या आठवड्यात हरभरा, गाजर, वांगी, वाल आणि मटार एकदम हवे असतात आणि सगळ्यांची मागणी एकाच वेळी येते, म्हणून ती मुदतीच्या पहिल्या दिवशीच नोंदवावी. उन्हाळ्यात यादी आखूड होते. गवार, भेंडी, दुधी, दोडके, काकडी यांवरच भर असतो. पावसाळ्यात पालेभाज्यांना चिखल लागतो आणि त्या लवकर सडतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये वेलभाज्या आणि मका यांकडे वळावे.

मक्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण या बाजाराचा खरा फायदा त्यात दिसतो. कणीस तोडल्याबरोबर दाण्यातली साखर पिष्टात बदलू लागते आणि उकाड्यात हा बदल फार झपाट्याने होतो. सकाळी तोडलेले कणीस त्याच दिवशी किसले तर भुट्ट्याचा किस दुधाळ आणि गोडसर होतो. दोन दिवस पोत्यात राहिलेल्या कणसाचा किस कितीही दूध घातले तरी कोरडा आणि पिठूळ लागतो. मटारचेही असेच आहे. म्हणून कणसे आणि मटार नेण्याच्या दिवशीच वापरण्याच्या बेताने मागवावेत. बटाटे, कांदे, लाल भोपळा यांच्या बाबतीत एवढी घाई नाही आणि ते कुठूनही घेतले तरी फारसा फरक पडत नाही.

मागणी, पैसे आणि बदली माल

पहिल्या वेळी मोजक्याच वस्तू मागवाव्यात : एक पालेभाजी, एक फळभाजी, एखादे फळ. तेवढ्यावरून तोडणी, वजन आणि वेळ या तिन्हींची परीक्षा होते. नंतर घरातल्या माणसांप्रमाणे प्रमाण वाढवावे. आठवड्यातून एकदाच माल येणार असल्याने पालेभाजी पहिल्या दोन-तीन दिवसांपुरती, फळभाजी मधल्या दिवसांसाठी आणि कोबी, भोपळा, सुरण शेवटच्या दिवसांसाठी, असा हिशेब सोयीचा पडतो.

मुदत संपल्यानंतर मागणीत बदल करण्याचा आग्रह धरू नये. तोपर्यंत शेतकऱ्याने मजूर सांगितलेले असतात आणि पहाटे तोडलेली भेंडी झाडाला परत लावता येत नाही. गावाला जाणार असल्यास मुदतीपूर्वीच मागणी रद्द करावी, अथवा शेजाऱ्यांना माल घेऊन वापरायला सांगावे. मागणी नोंदवून न्यायला न येणारे चार ग्राहक छोट्या शेतकऱ्याचा आठवडा बुडवतात, आणि अशा ग्राहकाला गटातून काढून टाकणारे बाजार मला कठोर वाटत नाहीत.

उलट बाजूही ठरवून घ्यावी. अवकाळी पाऊस, गारपीट किंवा कीड यांमुळे मागितलेला माल निघाला नाही, तर काय होणार? काही ठिकाणी पैसे परत मिळतात, काही ठिकाणी पुढच्या मागणीत वळते होतात आणि काही ठिकाणी न विचारता बदली भाजी दिली जाते. फॉर्ममध्ये जागा असेल तर ‘बदली माल नको’ किंवा ‘पालेभाजीऐवजी दुसरी पालेभाजी चालेल’ असे स्पष्ट लिहावे. पैसे यूपीआयने देताना खात्याचे नाव बाजाराच्या किंवा शेतकऱ्याच्या नावाशी जुळते का ते पाहावे, आणि परताव्याच्या नावाखाली कोणी पिन टाकायला सांगितले तर तो व्यवहार तिथेच थांबवावा, कारण पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

माल नेण्याचा दिवस

वेळेवर पोहोचणे ही औपचारिकता समजू नये. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो आणि सकाळी नऊला टवटवीत असलेली मेथी साडेअकराला मान टाकते. कापडी पिशव्या दोन न्याव्यात, एक जड मालासाठी आणि एक पालेभाजीसाठी. उन्हाळ्यात दुसरीत ओलसर पंचा ठेवावा. बटाट्यांखाली टोमॅटो दबले तर दोष शेतकऱ्याचा नसतो.

मोजणी आणि पाहणी तिथेच करावी. काय खटकावे आणि काय खटकू नये, हे मात्र आधी मनाशी ठरवावे. वाकडे गाजर, मातीसकट मुळा, पालकाच्या पानाला एखादे भोक, लहानमोठी वांगी हे सारे चालण्याजोगे आहे, कारण इथे प्रतवारी करून एकसारखा माल निवडलेला नसतो. सड, बुरशी, पिवळी पडलेली पाने आणि हिरवट बटाटे घेऊ नयेत. उजेडात हिरवे पडलेल्या बटाट्यांत सोलॅनिन हा अपायकारक घटक वाढतो. भेंडीचे टोक सहज मोडले नाही तर ती निबर झाली आहे. आंबा, केळी, पपई यांविषयी कशाने पिकवले हे विचारावे. कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी आहे आणि ठरावीक मर्यादेत इथिलीन वायूला परवानगी आहे, त्यामुळे ‘आढीत’ किंवा ‘इथिलीनने’ ही दोन्ही उत्तरे स्वीकारण्यासारखी आहेत, तर ‘पुडीने’, म्हणजे बहुधा कार्बाइडच्या पुडीने, हे उत्तर ऐकून पुढे निघावे.

घरी आल्यावर खराबी आढळली तर त्याच दिवशी छायाचित्र काढून, मागणीचा क्रमांक देऊन, संबंधित व्यवस्थापकाला कळवावे. गटात सर्वांसमोर शेतकऱ्याला बोल लावण्यापेक्षा हे अधिक उपयोगी ठरते. वारंवार सांगूनही पैसे अडकून राहिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

साठवणीत गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या चुकल्या तर ताज्या मालाचा उपयोग राहत नाही. पालेभाजी न धुता, मुळे कापून, कोरड्या कागदात किंवा कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी आणि शिजवण्याआधी वाहत्या पाण्याखाली धुवावी. फ्लॉवरचे तुरे कोमट मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवले की आतली अळी बाहेर येते. कांदे आणि बटाटे वेगवेगळे, हवेशीर आणि अंधाऱ्या जागी ठेवावेत. बटाटे फ्रिजमध्ये ठेवल्यास त्यांतल्या पिष्टाची साखर होते आणि तळल्यावर ते काळपटतात.

वर्षाचा गहू आणि गणपतीतली भाजी

मार्च-एप्रिलमध्ये याच बाजारातून वर्षाचा गहू घेता येतो आणि माळव्यात राहून ती संधी सोडू नये. रोजच्या पोळीला लोकवन किंवा शरबती, बाफल्यांना (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांना) आणि रव्याला माळवी कठीण गहू, अशी विभागणी इथल्या घरांत रूढ आहे. शरबती म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पोत्यावर विश्वास ठेवू नये. सीहोरच्या शरबतीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या नावाला भाव आला आहे, तेव्हा शेत कुठले हे विचारावे आणि आधी दोन किलो आणून पोळ्या करून पाहाव्यात. गहू घेतल्यावर उन्हात चांगला वाळवून, एरंडेलाचा हलका हात लावून किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, कोरड्या कोठीत भरावा.

जी भाजी इंदूरच्या बाजारात सहसा दिसत नाही, तीही या मार्गाने मिळवता येते, मात्र त्यासाठी तोडणीच्या नव्हे, पेरणीच्या आधी बोलावे लागते. ऋषिपंचमीच्या भाजीसाठी अळू, चुका, पडवळ, लाल माठ, सुरण आणि मका एका दिवशी हवे असतात. मका आणि भोपळा इथे मुबलक. चुका आणि पडवळ मात्र शोधत फिरावे लागते. मराठी वस्तीतल्या वीस-पंचवीस घरांनी मे महिन्यातच एकत्र येऊन, कोणाला किती हवे याची यादी करून, एखाद्या शेतकऱ्याला ती दिली आणि थोडी आगाऊ रक्कमही दिली, तर पावसाच्या सुरुवातीला तो पडवळाचा मांडव घालू शकतो आणि अळूचे कंद लावू शकतो. चुक्याला एवढा वेळ लागत नाही. गणपतीच्या महिना-सव्वा महिना आधी बी पडले तरी पुरते. बी इंदूरला मिळाले नाही तर पुण्याहून किंवा नागपूरहून येणाऱ्या नातेवाइकांकडून मागवून द्यावे. वडीच्या अळूची पाने आणि भाजीचे अळू वेगवेगळे लागते, हे शेतकऱ्याला नीट सांगावे, आणि शक्य असल्यास कंदही आपणच निवडून द्यावेत. मोदकांखाली घालायची हळदीची पाने आणि नैवेद्याची केळीची पाने याच यादीत नगाने लिहावीत, आणि ती चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी हवीत की त्याच सकाळी, हेही तिथेच नोंदवावे.